तंतुवाद्यांच्या संशोधनाचा संग्रह : भोपाळच्या संदर्भात मांडणी आणि जतन

तंतुवाद्यांवर काम करणाऱ्या अभ्यासकाच्या संग्रहात साधारण पाच प्रकारचे साहित्य असते : वह्या, टिपणे व हस्तलिखिते, ध्वनिफिती व चित्रफिती, छायाचित्रे व आरेखने, प्रत्यक्ष वाद्ये व त्यांचे सुटे भाग, आणि कलावंत, कारागीर व संस्था यांच्याशी झालेला पत्रव्यवहार. ग्रंथालयाच्या हिशेबी ही पाच वेगळी खाती होतात, पण अभ्यासकाच्या हातून ते एकच काम घडलेले असते. बीनकाराचा आलाप फितीवर असतो. त्या दिवशी बीन, म्हणजे रुद्रवीणा, कोणत्या स्वरात लावली होती, हे वहीत असते. डाव्या हाताची बोटे पडद्यावर कशी पडत होती, हे छायाचित्रात दिसते. जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याचा नाद खुलवणारा उतार, कोणी आणि केव्हा काढली, हे एखाद्या पत्रात सापडते. फीत एका संस्थेत, वही घरच्या माळ्यावर आणि वाद्य तिसऱ्याच ठिकाणी गेले, तर प्रत्येक वस्तू शाबूत राहूनही संशोधन नाहीसे होते. अशा संग्रहात जपायचे असतात ते वस्तूंमधले हे दुवे. त्यामुळे मांडणी ही जतनानंतरची पायरी नसून जतनाचीच पहिली पायरी ठरते.

भोपाळचे स्थान

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाले. या प्रदेशातली जुनी संगीतकेंद्रे मात्र इतरत्र होती. ग्वाल्हेरला पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले होते. इंदूरशी बीनकार बंदे अली खाँ आणि त्यांचे शिष्य मुराद खाँ यांची नावे जोडलेली आहेत. देवासचे रजबअली खाँ ख्यालगायक म्हणून गाजले, पण त्यांचा हात बीनवरही होता. मैहरला अल्लाउद्दीन खाँ यांनी सरोद आणि सितार यांच्या वादनाची दिशाच बदलली.

भोपाळमध्ये या परंपरा संस्थांच्या रूपाने एकत्र आल्या. १९७९ मध्ये राज्य शासनाची उस्ताद अल्लाउद्दीन खाँ संगीत अकादमी स्थापन झाली, १९८१ मध्ये ध्रुपद केंद्र सुरू झाले आणि १३ फेब्रुवारी १९८२ रोजी मोठ्या तलावाच्या काठी, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी उतारावर उभारलेल्या भारत भवनाचे उद्घाटन झाले. भारत भवनातील ‘अनहद’ हा विभाग शास्त्रीय व लोकसंगीताचे ग्रंथालय म्हणून योजलेला आहे. शामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे आणि २०१३ मध्ये शेजारी राज्याचे जनजातीय संग्रहालय खुले झाले. आदिवासी लोककलांसाठी स्थापन झालेल्या परिषदेचे ‘चौमासा’ हे नियतकालिकही याच शहरातून निघत आले आहे. शास्त्रीय आणि आदिवासी अशा दोन्ही बाजूंच्या तंतुवाद्यांचा अभ्यास एकाच शहरात करता यावा, अशी ही दुर्मीळ जुळणी आहे.

बीन : वाद्यातील बदलांची नोंद

ध्रुपद केंद्रात झिया फरीदुद्दीन डागर (१९३२–२०१३) यांनी दीर्घकाळ शिकवले. गुंदेचा बंधू आणि उज्जैनचे उदय भवाळकर हे तिथे घडलेले गायक. फरीदुद्दीन स्वतः गायक, तर त्यांचे ज्येष्ठ बंधू झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) बीनकार होते. मोहिउद्दीन डागरांनी बीनमध्ये केलेले बदल हे तंतुवाद्य-संशोधनाचे ठळक उदाहरण आहे. त्यांनी कोलकात्याच्या कारागिरांकडून मोठे तुंबे आणि जाड दांडी असलेली बीन करवून घेतली आणि जाड तारा वापरल्या. तुंबा खांद्यावर टाकून वाजवण्याची जुनी बैठक सोडून त्यांनी वाद्य सरस्वती वीणेसारखे धरले आणि पुढे नखी काढून उघड्या बोटांनी वादन केले. या सगळ्यातून आवाज खोल झाला, आस लांबली आणि अतिविलंबित आलापाला लागणारी मींड साधली.

हा बदल नुसत्या ध्वनिमुद्रणातून कळत नाही. मेरूपासून घोडीपर्यंत तारेची लांबी, प्रत्येक तारेची जाडी व धातू, तुंब्यांचा घेर, दांडीचा व्यास, पडद्यांची उंची, जवारीच्या घोडीचा उतार आणि स्वर लावण्याची पट्टी एवढी मापे वाद्यागणिक नोंदलेली असावी लागतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात तंबोरा व वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीमुळे तारेच्या कंपनात उपस्वर कसे समृद्ध होतात, हे दाखवले होते. घोडीचा उतार केसाएवढा बदलला तरी नाद पालटतो. म्हणून घोडीचे माप व तिचे बाजूने घेतलेले छायाचित्र त्याच दिवसाच्या ध्वनिमुद्रणाच्या क्रमांकाशी जोडून ठेवावे लागते. मणी कौल यांचा ‘ध्रुपद’ (१९८२) हा डागर बंधूंवरील चित्रपट हातांच्या हालचाली आणि बैठक पाहण्यासाठी याच कारणाने मोलाचा आहे.

बाना : वाद्य, कथा आणि यजमान

दुसरी बाजू परधानांच्या बान्याची. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. ते ठरावीक काळाने गोंड यजमानाच्या घरी जातात, बाना वाजवून बडा देवाला आवाहन करतात, गोंड राजांच्या कथा गातात आणि बिदागी घेतात. बाना हे कातडे मढवलेले, गजाने वाजणारे तीन तारांचे वाद्य आहे. बडा देवाचा वास ऐनाच्या झाडात, तिकडे ज्याला साजा म्हणतात त्यात, मानला जातो. बाना हे देवाला जागवणारे वाद्य असल्याने केवळ त्याची मापे घेऊन त्याचा अभ्यास पुरा होत नाही.

या विषयावरचा पायाभूत ग्रंथ एका मराठी माणसाचा आहे. शामराव हिवाळे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्यासोबत १९३२ मध्ये मंडला भागात गेले आणि तिथलेच झाले. ‘द परधान्स ऑफ द अप्पर नर्बदा व्हॅली’ हे त्यांचे पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १९४४ मध्ये एल्विन व हिवाळे यांचा मैकल डोंगरातील लोकगीतांचा संग्रह आला होता. दोघांचा मुक्काम पुढे पाटणगढला होता. चित्रकार जनगढसिंह श्याम याच पाटणगढचे परधान. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने ते भोपाळच्या भारत भवनात आले आणि त्यांच्या कुंचल्यातून गोंड चित्रकलेची आधुनिक शैली उभी राहिली. बान्यावर ज्या देवांचे आवाहन होत असे, ते देव भिंतीवर आणि कागदावर आले. ऑबर्लिन महाविद्यालयातील अमेरिकी संगीतशास्त्रज्ञ रॉडरिक नाइट यांनी पुढे बान्याचा क्षेत्रीय अभ्यास करून त्यावर विस्तृत निबंध लिहिला.

बान्याच्या साहित्याची मांडणी करताना हे सारे धागे एका सूचीत यावे लागतात : हिवाळ्यांचे वर्णन, नंतरची ध्वनिमुद्रणे, संग्रहालयातील वाद्ये आणि परधान कलावंतांची चित्रे. कथा कोणत्या कुळाची, यजमान कोण, मुद्रण विधीच्या वेळी झाले की अभ्यासकाच्या विनंतीवरून, ही नोंद वाद्याच्या मापांइतकीच आवश्यक आहे.

पूर्वीचे नमुने

भारतात अशा कामाचे काही चांगले नमुने आहेत. पं. लालमणि मिश्र (१९२४–१९७९) हे विचित्र वीणेचे वादक आणि वाद्यांच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या ‘भारतीय संगीत वाद्य’ (१९७३) या ग्रंथात प्राचीन ग्रंथांतील उल्लेख, शिल्पांतील पुरावे आणि प्रत्यक्ष वादनाचा अनुभव एकत्र आणले आहेत. योप बोर यांचा सारंगीवरील दीर्घ अभ्यास ‘द व्हॉइस ऑफ द सारंगी’ मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या, म्हणजे एनसीपीएच्या, त्रैमासिकात १९८६–८७ मध्ये आला. अ‍ॅलिन माइनर यांनी १९९३ मध्ये सितार व सरोद यांचा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतला इतिहास उर्दू व फार्सी साधनांच्या आधारे मांडला. या तिन्ही अभ्यासांमागे ग्रंथातील उतारे, चित्रे, मुलाखती आणि वादन यांचा परस्परांशी पडताळा आहे. असा पडताळा पुढच्या अभ्यासकालाही घेता यावा, हाच संग्रहाचा हेतू.

संस्थात्मक बाजूने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे ‘एआरसीई’ हे संगीत-अभिलेखागार महत्त्वाचे. ते १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले, नंतर दिल्लीला व पुढे गुरुग्रामला गेले. संगीतशास्त्रज्ञ डॉ. अशोक दा. रानडे यांचा या संस्थेशी व एनसीपीएशीही संबंध होता. परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत भारतातच राहावी, हा एआरसीईमागचा मूळ विचार. ठेवी देणारा अभ्यासक हक्क आपल्याकडे ठेवू शकतो आणि वापराच्या अटी लेखी घालू शकतो. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हा वेगळा नमुना आहे. एका व्यक्तीच्या ध्यासातून जमलेली वाद्ये तिथे लोकांसमोर राहिली.

मांडणीची तत्त्वे

संग्रह हाती आल्यावर पहिला नियम असा की काहीही हलवण्यापूर्वी तो जसा आहे तसा टिपून घ्यावा. प्रत्येक कपाट, कप्पा, पेटी आणि गठ्ठा यांचे छायाचित्र घ्यावे व त्यावर तात्पुरता क्रमांक टाकावा. अभ्यासकाने एका पिशवीत एक फीत, दोन पत्रे आणि एक जुनी घोडी ठेवली असेल, तर त्या एकत्र ठेवण्याला अर्थ असू शकतो. वस्तू प्रकारानुसार वेगळ्या ठेवाव्या लागल्या, तरी त्या मूळच्या सोबतीची नोंद सूचीत कायम ठेवावी. एका व्यक्तीचे साहित्य दुसऱ्या कोणाच्या साहित्यात मिसळू नये.

दुसरे काम अभ्यासक हयात असतानाच करायचे. त्याला बसवून प्रत्येक फीत ऐकवावी, छायाचित्रे दाखवावीत आणि तो जे सांगेल ते ध्वनिमुद्रित करावे. वादक कोण, तंबोऱ्यावर कोण, गाव कोणते, वाद्य कोणाचे, या प्रश्नांची उत्तरे बहुधा कागदावर नसतात. अभ्यासक नसेल तर शिष्य, साथीदार आणि वाद्य घडवणारे कारागीर यांना विचारावे. भारतातील बहुतेक वैयक्तिक संग्रहांत सर्वांत आधी नष्ट होते ती हीच माहिती.

त्यानंतर साहित्याच्या मालिका पाडाव्यात : क्षेत्रकार्य, लेखन, पत्रव्यवहार, ध्वनी, चित्र, वाद्ये, मुद्रित साहित्य. प्रत्येक वस्तूला एकच कायमचा क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक संगणकातील फायलीच्या नावातही वापरावा. प्रत्येक नोंदीत ‘संबंधित वस्तू’ हा रकाना हवाच. वर म्हटलेले दुवे टिकतात ते या रकान्यामुळे.

वर्गीकरणात दोन पद्धती शेजारी ठेवणे इष्ट. नाट्यशास्त्रातील तत, अवनद्ध, घन आणि सुषिर ही चार वाद्यकुळे भारतीय वाचकाला परिचित आहेत. ब्रसेल्सच्या संग्रहालयाचे मायों यांनी एकोणिसाव्या शतकात केलेली चौपदरी विभागणी याच विचाराला जवळची होती आणि तिच्या आधारे होर्नबोस्टेल व झाक्स यांनी १९१४ मध्ये जगभर वापरली जाणारी अंकपद्धती रचली. त्या पद्धतीत दांडीवर तारा व खाली तुंबे असलेली बीन एका गटात जाते आणि पोटाला मान जोडलेली सितार दुसऱ्या गटात. भारतीय पद्धतीत दोन्ही ततवाद्ये. दोन्ही क्रमांक दिल्यास इथला आणि बाहेरचा अभ्यासक एकाच नोंदीपर्यंत पोहोचतो.

वाद्यांच्या नावांसाठी एक नामसूची करावी. बीन आणि रुद्रवीणा, विचित्र वीणा आणि बट्टाबीन अशी जोडनावे एकमेकांकडे निर्देश करणारी हवीत. बाना, किंगरी, चिकारा, रावणहत्था, माळव्यातील निर्गुणी भजनांचा तंबुरा ही नावे ज्या गावात जशी उच्चारली गेली, तशीच देवनागरीत लिहावीत आणि प्रमाण रूप वेगळ्या रकान्यात द्यावे.

ध्वनिफितींचे जतन

संपूर्ण संग्रहात सर्वांत जास्त धोका चुंबकीय फितींना असतो. फीत तर झिजतेच, पण ती वाजवणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसेही संपत चालली आहेत. म्हणूनच युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय ध्वनि-अभिलेखागार संघटना, म्हणजे ‘आयासा’, यांनी २०१९ मध्ये फितींबाबत इशारा देऊन २०२५ च्या सुमाराची मुदत सांगितली होती. त्यानंतर फिती वाजवून घेणे उत्तरोत्तर अवघड व महाग होत जाणार, असा त्याचा अर्थ.

अ‍ॅसिटेटच्या जुन्या फितींना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला, तर त्या कुजू लागल्या आहेत असे समजून आधी हाती घ्याव्यात आणि बाकीच्यांपासून दूर ठेवाव्यात. १९७० व ८० च्या दशकांतल्या काही फितींचा लेप दमटपणाने चिकट होतो. अशी फीत तशीच वाजवली तर लेप खरवडला जातो, म्हणून ती जाणकाराकडेच द्यावी. बुरशी दिसली तर फीत यंत्राला लावू नये.

‘आयासा’च्या मार्गदर्शनानुसार जतनाची प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट असावी, तीही न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात. ९६ किलोहर्ट्झच्या स्टीरिओ मुद्रणाला तासाला सुमारे २ गिगाबाइट जागा लागते. मूळ प्रतीतील खरखर काढू नये. साफसफाई करायची ती ऐकण्याच्या प्रतीत.

तंतुवाद्यांच्या बाबतीत फितीचा वेग हा कळीचा मुद्दा आहे. वेग थोडा चुकला तर षड्ज सरकतो, वाद्याची पट्टी चुकीची नोंदली जाते आणि नादाचा पोतही बदलतो. स्वरांमधली अंतरे प्रमाणात राहत असल्याने ही चूक कानाला सहज कळत नाही. विजेवर चाललेल्या मुद्रणात बहुधा ५० हर्ट्झची घरघर मिसळलेली असते. ती मोजून वेग तपासता येतो. वहीत पट्टी लिहिलेली असेल तर दुसरा पुरावा मिळतो. वही आणि फीत शेजारी असण्याचा हा प्रत्यक्ष उपयोग आहे.

अंकीय फायलींच्या किमान तीन प्रती हव्यात : दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या शहरात. प्रत्येक फाइलची पडताळणी-संख्या (चेकसम) काढून ठरावीक काळाने ती जुळते की नाही हे पाहावे. जुन्या सीडींवर विसंबू नये.

कागद आणि छायाचित्रे

भोपाळमध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते. कोरडेपणा आणि ओल यांची ही दरवर्षीची ओढाताण कागद, फीत आणि लाकूड या तिघांनाही घातक आहे. तापमान स्थिर ठेवणे आणि सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखणे, हे उद्दिष्ट असावे. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवल्याने चढउतार वाढतात. त्यापेक्षा आतल्या बाजूची, बाहेरची भिंत नसलेली, जमिनीपासून उंच फडताळांची खोली आणि हवा खेळती ठेवणारा पंखा अधिक उपयोगी पडतो. पावसाळ्यात आर्द्रतामापकाची रोजची नोंद ठेवावी.

गंजलेल्या टाचण्या, रबरबँड आणि चिकटपट्टी काढावी, पण कागदांचा क्रम मोडू नये. लॅमिनेशन कधीही करू नये. थर्मल कागदावरील फॅक्स काळाच्या ओघात कोरे होतात, म्हणून त्यांची प्रत आधी घ्यावी. वह्या आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्यांत, नसल्यास धुतलेल्या सुती कापडात ठेवाव्यात. पोथ्यांमध्ये वेखंड आणि कडुलिंबाची पाने ठेवण्याची जुनी पद्धत किडे दूर ठेवण्यास मदत करते, मात्र वाळवी लागल्यावर ती पुरत नाही. रंगीत पारदर्शिकांचे रंग उडतात, म्हणून त्या कृष्णधवल छायाचित्रांच्या आधी अंकीय रूपात आणाव्यात. छायाचित्रामागची अक्षरे हीदेखील नोंदच असल्याने मागच्या बाजूचीही प्रत घ्यावी.

वाद्यांची निगा

संग्रहातील वाद्य दीर्घकाळ ठेवायचे असेल तर तारा सैल कराव्यात. पूर्ण काढू नयेत, कारण घोडीची जागा आणि तारांची मांडणी हाही पुरावा आहे. घोडीची जागा पेन्सिलने न आखता छायाचित्र व मापाने नोंदवावी. तुंबा आणि लाकूड यांना कीड लागते. पोखरल्याचा भुसा दिसल्यास वाद्य ताबडतोब वेगळे करावे. उणे २० अंशांवर काही दिवस गोठवून कीड मारण्याची पद्धत कापड व कागदासाठी चांगली आहे, पण सरस, लाख आणि कातडे असलेल्या वाद्यावर ती तज्ज्ञाशिवाय वापरू नये. बान्यासारख्या कातडी मढवलेल्या वाद्याला तेल लावणे टाळावे.

दुरुस्तीचा प्रश्न नाजूक आहे. वाजते ठेवायचे तर जवारी घासावी लागते, पडदे बदलावे लागतात, आणि प्रत्येक वेळी मूळ पुरावा थोडा जातो. म्हणून ऐतिहासिक वाद्य जसेच्या तसे ठेवून मापांवरून नवी प्रतिकृती करवून घेणे हा उत्तम मार्ग. मिरजेसारख्या केंद्रांत हे कसब आजही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील भोपळ्यांवर घडणाऱ्या मिरजेच्या सितार आणि तंबोऱ्याला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराने काढलेल्या साच्यांची आणि मापपट्ट्यांची नोंद संग्रहात असावी. जुन्या बीनांवर हस्तिदंती काम असल्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील तरतुदी पाहूनच ती स्वीकाराव्यात किंवा हलवाव्यात.

हक्क आणि खुलेपणा

१९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार लेखनावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर वादकाचा कलाविष्कारावरील हक्क, जो १९९४ च्या दुरुस्तीने आला, ५० वर्षे. एकाच फितीत अभ्यासकाचा, वादकाचा आणि कधी मुद्रण करणाऱ्या संस्थेचा हक्क गुंतलेला असतो. म्हणून वादक किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती संग्रहाचा भाग मानावी. बान्यावरील विधिगीतांच्या बाबतीत कायद्याची परवानगी पुरेशी नाही. कोणता भाग जाहीर ऐकवायचा, हे ज्या परधान आणि गोंड घरांतून ते आले त्यांच्याशी बोलून ठरवावे आणि मुद्रणाची एक प्रत त्या गावी परत द्यावी. बालाघाट, मंडला व दिंडोरीतील तरुणांना पूर्वजांचा बाना ऐकता आला, तर संग्रहाचे सर्वांत मोठे सार्थक झाले.

सूची मात्र सर्वांसाठी खुली असावी. एखादे मुद्रण ऐकण्यास बंधन असले, तरी ते अस्तित्वात आहे हे कळायला हवे. हिंदी, मराठी व इंग्रजी या तिन्ही भाषांत शोधता येईल अशी सूची भोपाळसारख्या ठिकाणी विशेष गरजेची आहे, कारण या प्रदेशाचे बरेच संशोधन मराठी लेखणीतूनही झाले आहे.

कामाचा क्रम

पैसा आणि माणसे थोडी असतील तर क्रम असा ठेवावा. प्रथम छायाचित्रांसह मोजदाद आणि दाखलनोंद. मग अभ्यासक, शिष्य व कारागीर यांच्या मुलाखती. तिसरे काम, आंबट वास येणाऱ्या, चिकट झालेल्या आणि दुसरीकडे प्रत नसलेल्या फितींचे अंकीकरण. चौथे, पेट्या व खोलीची व्यवस्था. पाचवे, संमतिपत्रे. तपशीलवार सूची शेवटी आली तरी चालते, कारण पहिल्या दोन टप्प्यांनी मूळ माहिती वाचवलेली असते.

अखेर संग्रह कोणाकडे सोपवायचा, हा निर्णय राहतो. शासकीय अकादमी, संग्रहालय, विद्यापीठ किंवा एआरसीईसारखे स्वतंत्र अभिलेखागार यांपैकी कोणतीही संस्था निवडली, तरी करारात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात : संग्रह अखंड राहील, मूळ वस्तूंची विल्हेवाट विनासंमती लावली जाणार नाही, अंकीय प्रती ठरावीक काळाने नव्या साधनांवर नेल्या जातील, अभ्यासकांना ठरलेल्या अटींवर प्रवेश मिळेल, आणि संस्था बंद झाल्यास संग्रह कोणाकडे जाईल. वाद्ये आणि कागद वेगळ्या संस्थांकडे द्यावे लागले, तर दोन्हींकडे संपूर्ण संग्रहाची एकच सूची असावी आणि क्रमांक तेच राहावेत.